आधी पाणी, मग काठी

बास हा पाठलाग करून पोट भरणारा मासा नाही. तो दबा धरतो. बुडालेल्या झाडाच्या खोडाआड, पाणगवताच्या कडेला, धक्क्याच्या लाकडी खांबांच्या सावलीत तो जवळजवळ स्थिर उभा राहतो आणि टप्प्यात काही आलं की जबडा उघडतो. लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्याही मागे पोचलेला असतो. तो इतक्या झपाट्याने उघडतो की समोरचं पाणीच आत ओढलं जातं, आणि त्या पाण्याबरोबर मासोळी, बेडूक किंवा क्रेफिश नावाचा गोड्या पाण्यातला कवचधारी जीवही. आत आलेली वस्तू खाण्याजोगी नाही असं जाणवलं तर तितक्याच चपळाईने तो ती बाहेर टाकतो. आत ओढणं आणि बाहेर टाकणं यांच्या मधला क्षण, एवढंच काय ते गळ टाकणाऱ्याच्या वाट्याला येतं. अमेरिकेत या माशासाठी बनलेल्या काठ्या, रिळं, दोऱ्या आणि नकली आमिषं यांचे आकार बहुतांशी या क्षणानेच ठरवले आहेत.

तरीही नवा माणूस सुरुवात करतो ती दुकानातून. काठी हलवून बघतो, तिला शोभेल असं रीळ घेतो, दोरी दुकानदार देईल ती, आणि आमिषं डोळ्यांत भरतील त्या रंगांची. हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी पाणी बघायचं: किती गार, किती गढूळ, किती खोल, तळाशी काय. त्यावरून मासा कुठे असेल आणि काय खात असेल याचा अंदाज. त्या अंदाजावरून आमिष, आमिषाच्या गळावरून काठी, भोवतालच्या अडथळ्यांवरून दोरी, आणि रीळ सगळ्यांत शेवटी. पुढे जे सांगणार आहे ते याच क्रमाचं विवरण आहे.

ज्याला बास म्हणून ओळखतात तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, सनफिश कुळातला मासा. त्याच्या दोन जाती अँगलरांच्या, म्हणजे हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या, विशेष आवडीच्या. लार्जमाउथला उबदार, संथ, गवताळ पाणी मानवतं. स्मॉलमाउथला गार, स्वच्छ, खडकाळ. मूळ प्रदेशाबाहेर माणसांनीच त्यांना नेलं. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून स्मॉलमाउथ पोटोमॅक नदीकाठी आले आणि नदीत सोडले गेले. विसाव्या शतकात अमेरिकेत धरणं बांधली गेली, दऱ्या आणि जंगलं पाण्याखाली गेली, आणि दबा धरणाऱ्या या माशाला बुडालेल्या झाडांची अमर्याद घरं मिळाली. त्या जलाशयांवरच हा छंद वाढला. १९६७ मध्ये रे स्कॉट या विमा विकणाऱ्या माणसाने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, पुढे बास पकडणाऱ्यांची संघटना उभारली, आणि गळ टाकणं हा लाखो डॉलरांची बक्षिसं असलेला व्यवसाय बनला. आजच्या साधनांचा पसारा बराचसा त्या स्पर्धांनी घडवला आहे. मात्र शनिवारी सकाळी तळ्याकाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यातलं फार थोडं लागतं.

पाण्यापासून सुरुवात करू. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान हेच त्याच्या शरीराचं तापमान. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, आणि तो समोरून सावकाश जाणाऱ्या गोष्टीलाच तोंड लावतो. वसंतात पाणी तापू लागलं की तो खोलातून काठाकडे सरकतो आणि भरपूर खातो, कारण पुढे विणीचा हंगाम असतो. साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटोळं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांची, पुढे पिल्लांची राखण करतो. या दिवसांत तो भुकेने नव्हे, तर घरट्यात आलेल्या परक्या वस्तूला हाकलण्यासाठी चावतो. तेव्हा त्याला पकडून दूर नेलं तर घरटं उघडं पडतं आणि ब्लूगिलसारखे लहान मासे अंडी फस्त करतात. उत्तरेतल्या काही राज्यांत या काळात बास घरी नेण्यावर बंदी असते ती त्यामुळेच. बंदी नसेल तिथेही घरट्यावरच्या माशाला जागच्या जागी लगेच सोडावं, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यातली गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे. खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात: वर ऊबदार, हलकं पाणी, खाली गार, जड पाणी, आणि मध्ये एक पातळ पट्टा, ज्यात तापमान झपाट्याने उतरतं. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा खालच्या पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि भरपूर वनस्पती असलेल्या तळ्यात त्या पट्ट्याखाली माशांना जगणंच कठीण होतं. म्हणून "उन्हाळ्यात मासा खोल जातो" हे अर्धंच खरं. तो त्या पट्ट्याच्या वरपर्यंतच जातो. पट्टा ६ मीटरवर असेल तर १० मीटरवर आमिष नेण्यात काही हशील नाही. चांगल्या सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हा पट्टा धूसर रेघेसारखा दिसतो. तो एकदा पाहिला की तळ्याचा मोठा हिस्सा शोधातून वगळता येतो, आणि शोधाची निम्मी मेहनत वाचते. शरदात वरचं पाणी गार झालं की थर मोडतात, शॅड नावाच्या छोट्या चंदेरी माशांचे थवे जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात आणि बास त्यांच्यामागून.

पाणी किती गढूळ आहे, हा दुसरा प्रश्न. तो सोडवायला पांढरं आमिष काठाशी पाण्यात सोडायचं आणि किती खोलीवर दिसेनासं होतं ते बघायचं. मीटर-दोन मीटरपर्यंत दिसलं तर मासा डोळ्यांनी शिकार करणार; वीतभरात नाहीसं झालं तर तो कंपनांवर विसंबणार. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा जाते आणि जवळच्या पाण्यातली बारीक हालचाल तिला टिपता येते. म्हणून गढूळ पाण्यात जाड, थरथरणारं, पाणी ढवळणारं आमिष. नितळ पाण्यात बारीक, शांत, खऱ्या भक्ष्यासारखं.

रंगाबद्दल दुकानं फार बोलतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथच्या डोळ्यांची तपासणी केली आणि माशांना रंग ओळखायला शिकवून प्रयोगही केले. या माशाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आढळल्या: एक हिरव्याला, दुसरी लालला प्रतिसाद देणारी. लाल आणि हिरवा त्याला छान ओळखता येतात. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच काळा आणि निळा यांत त्याची गल्लत होते. आपल्याला जे भेद दुकानात उठून दिसतात त्यातले पुष्कळसे पाण्याखाली उरतच नाहीत. चार रंग पुरतात: नितळ पाण्यासाठी हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यासाठी काळा-निळा, मासोळीसारखा चंदेरी-पांढरा, आणि गार पाण्यातल्या क्रेफिशसाठी तांबडा. वाचलेले पैसे गळांवर आणि दोरीवर घालावेत.

रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे ते स्थानिक खाणं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या जलाशयात फ्लोरिडातून आणलेले बास सोडले गेले. हा फ्लोरिडाचा वाण मुळातच मोठा वाढणारा. त्या भागातल्या जलाशयांत गळ टाकणाऱ्यांसाठी म्हणून दर हिवाळ्यात रेनबो ट्राउटही सोडले जात. हात-दीड हात लांबीच्या बासना ते ट्राउट म्हणजे आयती मेजवानी झाली, आणि कॅलिफोर्नियातून ८-९ किलोंच्या बासच्या बातम्या येऊ लागल्या. तिथल्या लोकांनी मग वीत-दीड वीत लांबीची, ट्राउटसारखी रंगवलेली, सांध्यांमध्ये वळणारी आमिषं घडवली. इतर राज्यांतल्या अँगलरांना इतक्या मोठ्या आमिषावर विश्वास बसेना. पण ते आमिष त्या पाण्यातल्या रोजच्या अन्नाच्या मापाचंच होतं. उलट टोकाला ईरी सरोवर आणि सेंट लॉरेन्स नदी. १९९० च्या सुमारास जहाजांच्या तळातल्या पाण्याबरोबर युरोपातून गोबी नावाचा बोटभर लांबीचा, तळाला चिकटून राहणारा मासा ग्रेट लेक्समध्ये आला. तो उपद्रवी परका आहेच, पण तिथल्या स्मॉलमाउथनी त्यालाच खायला सुरुवात केली. आज तिथे सर्वांत जास्त चालणारी आमिषं आहेत ती तळालगत फिरवायची, तपकिरी, लहान, गोबीच्या आकाराची. मासा जवळपास तोच, काठ्या निराळ्या, आमिषं निराळी. फरक केला तो अन्नाने.

जगातल्या सर्वांत मोठ्या दोन बासची हकिगतही हेच दाखवते. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकवर जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास काढला. पावसामुळे शेतात काम होणार नव्हतं, म्हणून तो मित्राबरोबर गेला होता. दोघांत मिळून आमिष एकच होतं, मासोळीच्या आकाराचं लाकडी. मासा घरी शिजवून खाल्ला गेला. त्यानंतर ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जरासा जड बास पकडला, १०.१२ किलोंचा. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान २ औंसांचा फरक लागतो. तेवढा नव्हता, म्हणून विक्रम आज दोघांच्या नावावर आहे. कुरितांचं आमिष होतं जिवंत ब्लूगिल. बास जपानमध्ये १९२५ मध्ये आणला गेला. ब्लूगिल १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिले आणि तिथून ते पसरले. २००७ मध्ये सम्राट अकिहितोंनी याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, कारण या दोन्ही परक्या माशांनी बिवातल्या मूळच्या मासोळ्यांची दाणादाण उडवली आहे. शिगा प्रांतात आता पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच मनाई आहे. अमेरिकेत सोडून देणं हे सभ्यतेचं लक्षण, तर बिवाकाठी तो नियमभंग. मासा आपल्या मूळच्या पाण्यात आहे की लादलेल्या, यावर हे अवलंबून आहे, आणि दोन्ही नियम आपापल्या जागी मला योग्य वाटतात.

आता आमिषांकडे. त्यांचे प्रकार मोजत बसण्यापेक्षा गळ कसा आहे ते बघावं, कारण गळावरूनच काठी ठरते. क्रँकबेट म्हणजे लाकडाचं किंवा प्लास्टिकचं टणक, फुगीर आमिष. त्याच्या तोंडाशी पारदर्शक जीभ असते आणि ओढलं की पाण्याच्या दाबाने ते डोलत खाली जातं. जीभ लांब तर खोल, आखूड तर उथळ. त्याला दोन तिहेरी गळ लटकत असतात, बारीक टोकांचे. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा हे गळ आपसूक रुततात, पण उथळच रुततात. काठी ताठ असेल तर माणसाच्या झटक्याने आमिष माशाच्या तोंडातून बाहेर खेचलं जातं, किंवा रुतलेला गळ कातडी फाडून सुटतो. म्हणून क्रँकबेटला मधूनच वाकणारी, सावकाश परतणारी काठी हवी. काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची काठी इथे महागड्या कार्बनच्या काठीपेक्षा सरस ठरते. ती वाकते तेवढ्या वेळात आमिष माशाच्या तोंडात पुरतं शिरतं. क्रँकबेट रिकाम्या पाण्यातून ओढू नये. ते खोडाला, दगडाला आपटू द्यावं, आणि आपटल्यावर क्षणभर थांबावं. अडखळून बाजूला निसटलेल्या मासोळीवर बास झडप घालतो. चावे बहुधा तेव्हाच येतात.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला मऊ प्लास्टिकचा गांडूळ. ओहायोतल्या अॅक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास असे गांडूळ ओतायला सुरुवात केली, आणि मला विचाराल तर या मासेमारीत त्याहून मोठा शोध लागलेला नाही. त्याची टेक्सास रिग नावाची जुळणी अशी: दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, आरपार छिद्र असलेलं शिसं ओवायचं, मग रुंद वाकाचा एकेरी गळ बांधायचा, गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडं घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. टोक उघडं नसल्यामुळे ते गवतात, फांद्यांत अडकत नाही, आणि म्हणूनच जिथे मासा खरा राहतो तिथेच ते टाकता येतं. पण याचा अर्थ असाही, की चावा आल्यावर गळाला आधी प्लास्टिक भेदायचं आहे आणि मग माशाचा हाडाळ जबडा. त्यासाठी ताकद लागते. ७ फुटांच्या आसपासची, जाड अंगाची, फक्त टोकाकडे वाकणारी काठी इथे हवी.

या गांडुळाचं तंत्र संयमाचं आहे. फेकल्यावर तो तळाला टेकेपर्यंत वाट पाहायची. काठी घड्याळातल्या ९ च्या जागेवरून ११ पर्यंत हळू उचलायची, की गांडूळ तळावरून उठतो. मग काठी खाली आणत दोरी किंचित सैल ठेवायची, की तो आपल्या आपण पडतो. बहुतेक चावे या पडण्यात येतात. दोरी घट्ट धरली तर गांडूळ लोलकासारखा माणसाकडे झुलतो, सरळ पडत नाही. फार सैल सोडली तर चावा कळत नाही. हे मधलं माप हाताला यायला वेळ लागतो, तो लागू द्यावा. चावा कित्येकदा हाताला जाणवतच नाही. दोरी पाण्यावर टिचकी मारल्यासारखी हलते, किंवा बाजूला सरकू लागते, किंवा तळ यायच्या आधीच पडणं थांबतं. अशा वेळी विचार न करता सैल दोरी गोळा करायची आणि काठी जोराने वर ओढायची. मासा प्लास्टिक किती वेळ तोंडात ठेवील याचा भरवसा नाही. मीठ मिसळलेलं प्लास्टिक तो जास्त वेळ धरून ठेवतो, असा अनेकांचा अनुभव आहे. मिठाचा दुसरा उपयोग मात्र निर्विवाद: त्याने गांडूळ जड होतो आणि शिशाशिवायच, अंग थरथरवत बुडतो. असा जाडसर, सरळ गांडूळ बरोबर मध्यावर गळात ओवून टाकला की दोन्ही टोकं हलत तो खाली जातो. याला वॅकी रिग म्हणतात. इतकी साधी आणि इतकी फळणारी जुळणी दुसरी नाही.

मधल्या जागा भरणारी आमिषं पुष्कळ आहेत. जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, त्याला रबरी झालर. तळाशी टुकटुक हलवला की क्रेफिश. स्पिनरबेट म्हणजे सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार, एका फांदीवर गळ, दुसरीवर फिरणारी पाती. गोल पातं जास्त कंप देतं, लांबट पातं जास्त चमकतं, म्हणून गढूळ पाण्यात पहिलं आणि नितळ पाण्यात दुसरं. गार पाण्यात जर्कबेट, झटके देऊन थांबवायचं, आणि थांबणं दहा-दहा सेकंदांचं. जपानी अँगलरांनी रुळवलेला ड्रॉप शॉट, ज्यात शिसं दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या हातभर वर, हा खोल, नितळ पाण्यातल्या बुजऱ्या माशासाठी. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यावर तरंगणारी आमिषं. आणि गवताने पूर्ण झाकलेल्या पाण्यावर पोकळ रबरी बेडूक. त्याबाबत एवढंच सांगतो, की पाणी उसळलं म्हणून लगेच ओढू नये. दोरीला वजन लागेपर्यंत थांबावं.

दोरीचे तीन प्रकार आणि तिघांचे स्वभाव निराळे. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, हळू बुडतो, स्वस्त मिळतो. ताणला जातो म्हणून क्रँकबेटला आणि तरंगत्या आमिषांना चांगला. फ्लुओरोकार्बन पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड, म्हणून झटपट बुडतो. त्यातून प्रकाश वळतो तो जवळजवळ पाण्याइतकाच, म्हणून तो कमी दिसतो. खडकावर घासला तरी टिकतो. गांडूळ आणि जिगला तो उत्तम, पण तरंगत्या आमिषाला बांधला तर त्याचं नाक खाली ओढतो. तिसरी विणलेली दोरी, पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची. ती पाण्यापेक्षा हलकी, त्याच जाडीत कितीतरी मजबूत, आणि जवळजवळ ताणली जात नाही. गवत ती करवतीसारखी कापते, म्हणून बेडकाबरोबर ५० पौंड ताकदीची विणलेली दोरीच हवी. तिच्याने नितळ पाण्यातला मासा बुजतो. उपाय असा, की शेवटचे दीड-दोन मीटर फ्लुओरोकार्बन जोडावा. गाठ कोणतीही असो, आवळण्याआधी ओली करावी. कोरड्या गाठीत घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमजोर होते, आणि मोठा मासा सुटतो तो बहुधा तिथेच.

रीळ दोन प्रकारचं. स्पिनिंग रिळाचं स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, स्थिर असतं आणि दोरी त्याच्या तोंडावरून सुटते. ५-७ ग्रॅमची हलकी आमिषं त्याने सहज जातात. बेटकास्टिंग रिळाचं स्पूल स्वतः फिरतं, जाड दोरी आणि जड आमिष पेलतं, नेम अचूक बसतो. पण आमिष हवेत मंदावलं आणि स्पूल फिरत राहिलं तर दोरीचा गुंता होतो, म्हणून अंगठा सतत स्पूलवर असावा लागतो. या जातीच्या रिळाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या घड्याळजींनी केली. दात्यांची चाकं कापण्याचं कसब त्यांच्याकडेच होतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतक्यावर बसवावा. रिळाबद्दल याहून जास्त विचार करण्याची सुरुवातीला गरज नाही.

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी कुटुंबं मुलांना घेऊन जवळच्या उद्यानातल्या तळ्यावर जातात; त्यांनी विचारलं तर मी एकच संच सुचवीन. ७ फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, २५०० किंवा ३००० मापाचं रीळ, १० पौंडांची विणलेली दोरी, तिला ८ पौंडांचा फ्लुओरोकार्बन, १/० मापाचे गळ आणि पाच इंची हिरवट-तपकिरी गांडुळांचं पाकीट. वॅकी रिग बांधून काठाला समांतर फेकावं. मध्यभागी लांबवर फेकण्याचा मोह टाळावा, कारण तळ्यातला बास बहुधा काठालगतच्या आडोशाला असतो. राज्याचा परवाना आधी काढावा. लहान मुलांना बहुतेक राज्यांत परवाना लागत नाही, सोबत गळ टाकणाऱ्या मोठ्यांना मात्र लागतो.

मासा हाती आल्यावर त्याला कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो. खालचा जबडा अंगठ्याने धरावा, आणि मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्यावा. नुसत्या जबड्यावर आडवा लटकवला तर त्याचा सांधा दुखावतो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापून मासा सोडणं बरं. रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासे जिवंत परत सोडण्याची प्रथा आणली, आणि या खेळावर त्यांचे जे उपकार आहेत त्यात हा मला सर्वांत मोठा वाटतो.

महाराष्ट्राच्या पाण्यांत हा बास नाही, आणि बिवाची गत पाहता तो इथे कधी आणलाही जाऊ नये. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत दबा धरणारा, रुंद तोंडाचा आपला मासा आहे जिताडा. बासचा तो जवळचा नातलग नाही, पण खारफुटीच्या मुळांआड थांबून तोही पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि अलीकडे कोकणात काही हौशी लोक त्याच्यासाठी हीच नकली आमिषं वापरतात. टणक, मासोळीच्या आकाराचं आमिष, विणलेली दोरी, टोकाकडे वाकणारी काठी, सगळं इथे चालतं. दोन गोष्टी बदलाव्या लागतात. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तोंड कानशीसारखं खरबरीत. ८ पौंडांचा फ्लुओरोकार्बन त्यावर टिकणार नाही, ४० पौंडांचा लागतो. दुसरी म्हणजे भरती-ओहोटी. तळ्यात तापमानावरून माशाची जागा ओळखतात, खाडीत पाण्याच्या ओढीवरून. ओहोटी लागली की खारफुटीतल्या मासोळ्या बारीक ओहोळांतून मुख्य पाण्यात ढकलल्या जातात आणि जिताडा त्या ओहोळांच्या मुखाशी येऊन थांबतो. आमिष वरून, पाणी जसं वाहतं तसं, त्या मुखातून बाहेर आणावं. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवावं, जोराच्या फवाऱ्याने नाही. फवाऱ्याने मीठ आतल्या बेअरिंगपर्यंत जातं.